बाटली क्रमांक ५३-एन

परळच्या शाखेत माझी बदली झाली ती १९८३ साली. गिरणी संपाने गिरणगावाची कंबर मोडलेली होती आणि आमच्या काउंटरवर पैसे भरायला येणाऱ्यांपेक्षा काढायला येणाऱ्यांचीच रांग मोठी असे. स्टेशनवरून आचार्य दोंदे मार्गाने जाताना हाफकिन इन्स्टिट्यूटची पाटी दिसायची. आत जुनी झाडे, त्यांच्या मागे एक भव्य, शांत वास्तू. आम्हा बँकवाल्यांना त्या जागेविषयी एवढेच ठाऊक होते की, तिथे सापांचे विष काढतात आणि सर्पदंशावरचे औषध बनवतात. शाळेच्या सहली साप पाहायला येत, तेव्हा फाटकाशी मुलांचा कलकलाट चालायचा. हाफकिन हा कोणी इंग्रज साहेब असावा, त्याने देणगी दिली असावी किंवा गव्हर्नर त्याच्यावर खूश असावा, असे मी धरून चाललो होतो. पाच वर्षे त्या फाटकासमोरून गेलो. पण हा माणूस कोण, हे एकदाही कोणाला विचारले नाही.

तो माणूस मला भेटला निवृत्तीनंतर. मुंबईतल्या प्लेगच्या काळावर कादंबरी लिहावी, असे मनात होते. माझी आजी प्लेगच्या आठवणी सांगायची. घरात उंदीर पडले की गाव भांडीकुंडी उचलून रानात झोपड्या बांधून राहायला जाई. मागे राहिलेल्या घरात महिनामहिना दिवा लागत नसे. त्या आठवणींचा माग काढत वाचत गेलो आणि हाफकिनपाशी येऊन थांबलो. कादंबरी अजून पुरी झालेली नाही. पण या माणसाची हकिकत मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याला एक घरगुती कारणही आहे, ते शेवटी सांगेन.

पहिला धक्का हा की, हाफकिन इंग्रज नव्हते. दुसरा हा की, ते डॉक्टरही नव्हते. आणि तिसरा, जो मला एक निवृत्त बँक अधिकारी म्हणून फार लागला, तो हा की, ज्या परळच्या प्रयोगशाळेला पुढे त्यांचे नाव दिले गेले, तिथूनच त्यांना आरोपाचा डाग घेऊन बाहेर पडावे लागले होते.

वॉल्डेमार मॉर्डेकाय हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा शहरात झाला. तेव्हा ते शहर रशियाच्या झारच्या अमलाखाली होते. घराणे ज्यूंचे. तिथल्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले आणि मेचनिकोव्ह यांच्यासारखा गुरू त्यांना लाभला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात हे दाखवणारे आणि पुढे १९०८ साली नोबेल मिळवणारे ते हेच मेचनिकोव्ह. पण तो काळ ज्यूंना सुखाने शिकू देणारा नव्हता. १८८१ मध्ये झारची हत्या झाली आणि दक्षिण रशियात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. हाफकिन आपल्या लोकांचे रक्षण करायला उभे राहिले, जखमी झाले, पकडलेही गेले. मेचनिकोव्ह यांच्या शब्दामुळे ते सुटले. धर्म बदलला तर विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळाली असती. त्यांनी तो सौदा नाकारला आणि प्राणिशास्त्राच्या वस्तुसंग्रहालयात काम करत राहिले.

१८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. काही दिवस जिनिव्हात शिकवले आणि मग पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत दाखल झाले. संशोधकाची जागा रिकामी नव्हती म्हणून त्यांनी ग्रंथपालाच्या हाताखालची नोकरी पत्करली. दिवसा पुस्तके लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचे. खात्यात शिपाई म्हणून लागून रात्री अभ्यास करत अधिकारी झालेली माणसे मी बँकेत पाहिली आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर एक वेगळा निग्रह असतो. हाफकिन यांचा जुना फोटो पाहिला की मला ती माणसे आठवतात.

त्यांनी हात घातला तो पटकीला, म्हणजे कॉलऱ्याला. पटकीच्या जंतूंपासून त्यांनी लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती पहिल्यांदा टोचून घेतली ती स्वतःच्या अंगात. ताप आला, दुखले, उतरले. युरोपातल्या मोठमोठ्या विद्वानांनी मात्र फारसे लक्ष दिले नाही. लस खरी की खोटी, हे जिथे पटकी आहे तिथेच कळणार होते. त्यांना सयामला जायचे होते. त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते लॉर्ड डफरिन. ते पूर्वी हिंदुस्थानात व्हाइसरॉय होते. त्यांनी हिंदुस्थानचा रस्ता दाखवला आणि मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले.

इथे त्यांनी जे केले त्यात मला त्यांचा खरा स्वभाव दिसतो. कलकत्त्याच्या गरीब वस्त्यांत लोक लशीला तयार नव्हते. एका गोऱ्या माणसाने येऊन सुई टोचायची, म्हणजे नक्की काहीतरी काळेबेरे असणार! एका वस्तीत तर दगड आले. हाफकिन पोलीस घेऊन परतले नाहीत. सर्वांच्या देखत त्यांनी स्वतःला टोचून घेतले. त्यांच्याबरोबर चौधरी, घोष, चटर्जी, दत्त हे बंगाली डॉक्टर होते. लोकांच्या भाषेत बोलणारी, लोकांच्या ओळखीची ही माणसे होती. १८९४ मध्ये काठाल बागान या भागात पटकी शिरली तेव्हा तिथल्या सुमारे दोनशे वस्तीपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर त्या वस्तीत जे आजारी पडले, ते लस न घेतलेल्यांतले होते. वस्तीने हा हिशेब स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. मग माणसे आपण होऊन येऊ लागली.

आणि मग आली मुंबईची पाळी. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात एका रोग्याला तपासताना डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. काही आठवड्यांतच शहराची दैना उडाली. लाखो माणसे मिळेल त्या गाडीने, बोटीने, पायी मुंबई सोडून गेली. सरकार घाबरले आणि घाबरलेले सरकार जे करते तेच त्याने केले. घरे तपासायची, रोग्याला ओढून न्यायचे, सामान जाळायचे. लोकांना रोगापेक्षा इस्पितळाची भीती वाटू लागली. ऑक्टोबरात आर्थर रोडच्या साथीच्या रुग्णालयावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला. पुढच्या वर्षी पुण्यात काय घडले, ते मराठी घराघराला माहीत आहे. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या आणि सोजिरांच्या घरझडतीने पेटलेल्या संतापातून २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली.

या वणव्यात हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईला आले. त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात जागा मिळाली ती एक खोली आणि लगतचा व्हरांडा. माणसे किती, तर एक कारकून आणि तीन शिपाई! इतक्या भांडवलावर आमच्या बँकेने खेड्यात एक्स्टेन्शन काउंटरसुद्धा उघडले नसते. तीन महिने ते रात्रंदिवस राबले. मदतनिसांपैकी काही कामाच्या ताणाने कोलमडले, काही सोडून गेले. मांसाच्या सूपात तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबकळत वाढायचे, गुहेच्या छताला चुनखडीचे सुळके लोंबतात तसे. मग उष्णता देऊन ते मारायचे. मेलेला जंतू रोग देत नाही. पण शरीराला शत्रूची ओळख पटवतो. सगळ्या लसीकरणाचे मर्म एवढेच आहे. चोराचा फोटो आधीच चौकीत लावून ठेवायचा, म्हणजे तो प्रत्यक्ष आला की ओळखायला वेळ लागत नाही.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लससुद्धा प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि तीही इतरांना पुढे दिली त्याहून कितीतरी मोठ्या मात्रेत. ताप घेऊनच ते काम करत राहिले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथे इच्छा असलेल्या कैद्यांना लस दिली गेली, बाकीच्यांना नाही. जेवण एक, पाणी एक, कोठड्या त्याच. लस घेतलेल्यांत रोग क्वचित झाला, न घेतलेल्यांत माणसे दगावली. मग मुंबईकर पुढे येऊ लागले. आगाखान तिसरे तेव्हा अवघे एकोणीस-वीस वर्षांचे होते. त्यांनी स्वतः लस घेतली, आपल्या खोजा समाजाला घ्यायला लावली आणि प्रयोगशाळेसाठी आपली वास्तूही दिली.

१० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये ही प्रयोगशाळा थाटात उघडली. या वाड्याचीही एक कथा आहे. एके काळी मुंबईचे गव्हर्नर तिथे राहत. १८८० च्या दशकात गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी त्याच घरात पटकीने वारली. पुढे गव्हर्नरांनी आपला मुक्काम मलबार हिलला हलवला. ज्या घरात पटकीने राजघराण्यासारख्या घरालाही सोडले नाही, त्याच घरात पटकीची लस काढणारा माणूस येऊन बसला. तिथून लाखो मात्रा देशभर जाऊ लागल्या. वय अवघे एकोणचाळीस. राणीकडून किताब मिळाला होता. एखाद्या माणसाचे आयुष्य इथे थांबले असते तर त्याला सुफळ संपूर्ण म्हणता आले असते.

पण ३० ऑक्टोबर १९०२ हा दिवस यायचा होता. पंजाबात मलकोवाल नावाचे गाव आहे, आता ते पाकिस्तानात आहे. त्या दिवशी तिथे १०७ जणांना प्लेगची लस टोचली गेली. पाच बाटल्या उघडल्या. चार बाटल्यांतून ज्यांना लस मिळाली, त्यांना काही झाले नाही. पाचव्या बाटलीतून ज्या एकोणीस जणांना टोचले, ते थोड्याच दिवसांत धनुर्वाताने आजारी पडले. जबडा मिटतो, पाठ धनुष्यासारखी वाकते, शुद्ध असते आणि माणूस जातो. एकोणीसच्या एकोणीस गेले. त्या बाटलीचा क्रमांक होता ५३-एन.

मी बँकेत काही वर्षे चौकशी अधिकारी म्हणून काम केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो, गफलत झाली की पहिला प्रश्न एकच असतो. थैली सीलबंद निघाली तेव्हा बरोबर होती का, सील कोणी तोडले आणि तोडल्यानंतर ती कोणाच्या हातात होती? मलकोवालच्या चौकशीत मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्यासारखे कायदेपंडित होते. परंतु त्या समितीचा रोख गेला परळकडे. लस बनवण्याच्या पद्धतीत हाफकिन यांनी बदल केला होता. कार्बोलिक अ‍ॅसिड न घालता ती केवळ उष्णतेने निर्जंतुक करायची. पाश्चर संस्थेत ही पद्धत रुळलेली होती आणि तिच्यामुळे लस अधिक वेगाने तयार होत असे. समितीच्या नजरेत तोच दोष ठरला. बाटली परळलाच बिघडली असावी, असा निष्कर्ष निघाला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले आणि ते इंग्लंडला निघून गेले. परका, ज्यू आणि वर डॉक्टरची पदवी नसलेला! अशा माणसावर ठपका ठेवणे फार अवघड नसते.

खरी हकिकत साक्षीत नोंदलेली होती. मलकोवालला बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि योग्य रीतीने निर्जंतुक न करता तोच बाटलीला लावला गेला. धनुर्वाताचे जंतू असतात ते मातीत आणि शेणात. शिवाय बाटली परळला भरून एकेचाळीस दिवस झाले होते. इतके दिवस ते जंतू आत वाढत असते, तर बूच काढताच दुर्गंधी सुटली असती. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरला तशी काही जाणवली नव्हती. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटनेही कागद तपासून दूषितीकरण मलकोवालला झाले असण्याचीच शक्यता अधिक असल्याचा निर्वाळा दिला. तरी वर्षे जात राहिली. अखेर १९०७ च्या जुलैत रोनाल्ड रॉस पुढे आले. हिवतापाचा डास शोधून नोबेल मिळवलेले हेच ते रॉस. त्यांनी आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र छापून हाफकिन यांच्यावरचा आरोप टिकत नाही हे जगापुढे मांडले. त्याच वर्षी ते निर्दोष ठरले.

निर्दोष ठरणे वेगळे आणि भरपाई होणे वेगळे. माझ्या नोकरीत एका कॅशियरवर तुटीचा आळ आला होता. तीन वर्षांनी तो सुटला. पण परत कॅशच्या पिंजऱ्यात बसला नाही. हाफकिन यांचेही तसेच झाले. ते हिंदुस्थानात परतले, पण परळची जागा भरलेली होती. त्यांना कलकत्त्याची प्रयोगशाळा मिळाली आणि माणसांवर लशीच्या चाचण्या घेण्याची परवानगी मात्र मिळाली नाही. ज्याने दोन लशी स्वतःच्या अंगावर तपासल्या, त्याने फक्त कागदावर संशोधन करायचे. पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास ते निवृत्त झाले, युरोपात गेले, धर्माच्या अभ्यासात रमले. लग्न केलेले नव्हते. साठवलेला पैसा ज्यू मुलांच्या पाठशाळांसाठी ठेवला आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमध्ये लोझानला त्यांचे निधन झाले. त्याआधी पाच वर्षे, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले होते. तोवर मुंबईहून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या.

मलकोवालची एकोणीस माणसे ही मोठी हानी होती. तिला लहान म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण तिच्यामागोमाग जे घडले, त्याची नोंद कुठल्याच बाटलीवर नाही. पंजाबातली लसीकरणाची मोठी मोहीम कोलमडली. लोकांचा विश्वास उडाला. आणि प्लेग काही थांबला नाही. एकट्या १९०७ या वर्षात हिंदुस्थानात प्लेगने दहा लाखांहून अधिक माणसे गेली, त्यातली निम्म्याच्या आसपास पंजाबातली. त्यांतली किती लशीने वाचली असती, हा हिशेब कोणालाच मांडता येणार नाही.

आता ते घरगुती कारण. १९८८ मध्ये परळहून माझी बदली एका तालुक्याच्या गावी झाली. आमची लेक तेव्हा सव्वा वर्षाची होती. मुंबईत तिची पहिली टोचणी वेळेवर झाली होती. दीड वर्षाचा डोस नव्या गावी द्यायचा होता. सामान लावण्यात, नवीन शाखेचे बुक्स बॅलन्स करण्यात ते राहून गेले. सौ. ने दोनदा आठवण केली, मी दोनदा पुढच्या आठवड्यावर ढकलले. लेजरमध्ये पाच पैशांचा फरक राहिला तर रात्री अकरापर्यंत बसणारा मी! पोरीच्या कार्डावर एक रकाना रिकामा राहिला आणि मला त्याची टोचणी लागली नाही.

पाचव्या वर्षी तिला डांग्या खोकला झाला. ज्यांनी तो ऐकला आहे, त्यांना वर्णन नको. खोकल्याची उबळ संपता संपत नाही, चेहरा लालनिळा होतो आणि मग श्वास आत ओढताना तो विचित्र आवाज येतो. दोन महिने आम्ही रात्री जागून काढल्या. ती बरी झाली. पण आमच्या शेजारी दोन महिन्यांचे बाळ होते. त्याच्या आईला वेळ असला की लेक त्याच्या पाळण्याशी बसायची. त्या बाळाची टोचणी नुकती कुठे सुरू झाली होती. त्यालाही खोकला लागला, श्वास अडू लागला आणि त्याला जिल्ह्याच्या इस्पितळात न्यावे लागले. पंधरा दिवसांनी ते घरी आले. त्याच्या आईवडिलांनी आम्हाला एका शब्दानेही काही म्हटले नाही. म्हणाले असते तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते.

म्हणून मी सांगतो, लस हा केवळ आपल्या मुलाचा प्रश्न नसतो. अगदी तान्ह्या बाळांना काही लशी देता येत नाहीत, आजारी मुलांना देता येत नाहीत. त्यांचे रक्षण भोवतालच्या टोचलेल्या मुलांनीच करायचे असते. गोवर इतका संसर्गजन्य आहे की, शंभरातल्या पंचाण्णव मुलांना लस मिळाली तरच तो आवरतो. कोविडच्या काळात नेहमीचे लसीकरण मागे पडले आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईतच गोवंडीसारख्या दाट वस्तीत गोवराची साथ उसळली, बालके दगावली. आजारी मुलांत लस न घेतलेल्यांचा किंवा अर्धवट घेतलेल्यांचा भरणा होता. उलट धनुर्वाताचे. तो एकापासून दुसऱ्याला होत नाही, मातीतून येतो. तिथे शेजाऱ्याने घेतलेली लस आपल्या उपयोगाची नाही. ज्याची त्यानेच घेतली पाहिजे. ज्या रोगाने हाफकिन यांचे आयुष्य उद्ध्वस्त केले, त्या धनुर्वातावर पुढे १९२० च्या दशकात लस निघाली आणि आज ती आपल्या प्रत्येक बाळाच्या कार्डावर असते, हे त्यांची हकिकत वाचताना राहून राहून मनात येते.

ते कार्ड एकदा काढून पाहा. सरकारी वेळापत्रकात जन्मतः बीसीजी, पोलिओ आणि काविळीची लस असते. मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात वगैरे पाच रोगांवरची एकत्र लस. नवव्या महिन्यात गोवर-रुबेला. इथपर्यंत आईबाप उत्साहाने जातात. राहते ते यापुढचे. सोळा ते चोवीस महिन्यांचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर, पाच ते सहा वर्षांचा दुसरा बूस्टर, दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची टोचणी. पहिल्या डोसांनी आलेली ताकद काळाने कमी होते, म्हणून हे पुढचे डोस. खाते उघडून व्यवहार बंद केला की ते निष्क्रिय होते, तसेच काहीसे. एखादा डोस चुकला असेल तर लाज वाटून घरी बसू नका. बहुतेक लशींच्या बाबतीत पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, जिथे थांबले तिथून पुढे जाता येते. साधी सर्दी हे टाळण्याचे कारण नाही. आपल्या डॉक्टरांना किंवा आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना कार्ड दाखवा, त्या सांगतील.

मनात शंका असेल तर तीही विचारा. शंका हा गुन्हा नव्हे. लशीनंतर ताप येतो, हात दुखतो. गंभीर त्रास क्वचित होतो, पण होतच नाही असे नाही, म्हणून टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात. आज सुई एकदाच वापरता येईल अशीच बनवलेली असते. उष्णतेने लस खराब झाली तर बाटलीवरची खूण रंग बदलून सांगते. बाटलीवर बॅच क्रमांक असतो. ५३-एन हा आकडा लिहून ठेवला होता म्हणूनच कोणती बाटली, कोणती माणसे आणि चूक कुठे हे अखेर कळू शकले. आणि चिमट्याऐवजी आज ती एकदाच वापरायची सुई आहे, ती अशाच अनुभवांतून शहाणे झालेल्या जगाने दिलेली आहे.

माझ्या नातीला मागच्या महिन्यात पाच वर्षे पूर्ण झाली. जावयांची बदली झाली आहे, नव्या शहरात घर लावणे सुरू आहे. आठवण करायला मी फोन केला, तर लेकीने सांगितले की, सामानाची खोकी अजून उघडायची आहेत, पण बूस्टर कालच देऊन झाला. नात थोडी रडली आणि मग तिने दंडावरची पट्टी सगळ्यांना दाखवली. मी कार्डाचा फोटो मागवला. चष्मा लावून प्रत्येक रकाना तपासला. तारीख, सही, सगळे होते. जुन्या सवयीने समोरच्या कागदावर हिरव्या पेनने एक टिकली मारली आणि चहा मागवला.